जहाजांवरील केबल-छिद्रांचे अग्निरोधन

जहाजांवरील केबल-छिद्रांचे अग्निरोधन म्हणजे जहाजाच्या बल्कहेडमधून (आतील उभ्या विभाजक भिंतीतून) किंवा डेकमधून विजेच्या केबल पलीकडे नेण्यासाठी पाडलेले छिद्र अशा रीतीने बंद करणे, की आगीच्या वेळी त्या भिंतीची वा डेकची रोधनक्षमता त्या ठिकाणी उणी पडू नये. ज्वाळा, धूर आणि उष्णता या तिन्हींना ठरावीक काळ अडवून धरणे हा त्याचा उद्देश असतो.

पार्श्वभूमी

भर समुद्रात जहाजाला बाहेरून अग्निशमन दलाची मदत तत्काळ मिळत नाही. त्यामुळे आग जेथे लागली त्याच कक्षात तिला कोंडून ठेवणे, हे जहाजाच्या अग्निसुरक्षेचे मूलतत्त्व आहे. पोलादी बल्कहेड आणि डेक हे काम करतात. मात्र वीजपुरवठा, दिवे, सुकाणू, दळणवळण आणि धोक्याची सूचना देणाऱ्या यंत्रणा यांच्या केबल त्याच भिंतींतून न्याव्या लागतात. प्रत्येक छिद्र हा त्या भिंतीतील संभाव्य कच्चा दुवा असतो.

आडवाटेने आग किती सहज पसरते, याचे जुने उदाहरण म्हणजे ‘मॉरो कॅसल’ हे अमेरिकी प्रवासी जहाज. ८ सप्टेंबर १९३४ रोजी न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ त्यास लागलेल्या आगीत १३७ जण मृत्युमुखी पडले. जहाजावर अग्निरोधक दारे होती. परंतु लाकडी छत आणि पोलादी बल्कहेड यांच्या दरम्यान सुमारे सहा इंचांची, लाकडाचे अस्तर असलेली पोकळी होती. दारांना वळसा घालून जाण्यास आगीला ती वाट मिळाली.

आग पलीकडे जाण्याचे मार्ग

केबलभोवतीचे प्लास्टिक किंवा रबर उष्णतेने वितळते वा जळते आणि छिद्रात नवी फट पडते. केबलचे आवरण स्वतः पेट घेऊन वातीप्रमाणे जळत पुढे सरकू शकते. केबलमधील तांबे उष्णतेचे उत्तम वाहक असल्याने भिंतीच्या एका बाजूची उष्णता दुसऱ्या बाजूस पोहोचवते. धूर तर ज्वाळेच्याही आधी बारीक फटींतून पुढे जातो. पीव्हीसी आवरण जळताना निर्माण होणारा हायड्रोजन क्लोराइड वायू श्वसनास घातक असतो.

श्रेणी आणि चाचणी

सागरी जीवितसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार (सोलास, १९७४) याच्या दुसऱ्या प्रकरणाच्या दुसऱ्या भागात अग्निसुरक्षेचे नियम आहेत. त्यानुसार ‘ए’ श्रेणीच्या भिंतीने वा डेकने प्रमाणित चाचणीत एक तासापर्यंत धूर व ज्वाळा अडवणे आवश्यक असते. तसेच आगीपासून दूरच्या बाजूचे सरासरी तापमान मूळ तापमानापेक्षा १४०° सेल्सिअसहून अधिक आणि कोणत्याही एका बिंदूचे तापमान १८०° सेल्सिअसहून अधिक वाढता कामा नये. ही मर्यादा ६०, ३०, १५ किंवा ० मिनिटे पाळली जाते. त्यावरून ए-६०, ए-३०, ए-१५ आणि ए-० असे उपप्रकार ठरतात.

चाचणीच्या भट्टीचे तापमान ठरलेल्या आलेखानुसार वाढवत नेतात. पाच मिनिटांत ते सुमारे ५७६° आणि तासाभरात सुमारे ९४५° सेल्सिअस होते. अशा भिंतीतील केबल-छिद्राच्या रचनेचीही चाचणी २०१० च्या अग्निचाचणी संहितेनुसार घ्यावी लागते. ही संहिता १ जुलै २०१२ पासून लागू आहे. मिळणारे प्रमाणपत्र तपासलेल्या रचनेपुरते असते. चौकटीचा आकार, केबलची जाडी व संख्या, भरणद्रव्य किंवा भोवतीचे उष्णतारोधक आच्छादन यांत मंजुरीबाहेरचा बदल केल्यास ते त्या रचनेस लागू होत नाही.

पद्धती

चौकट व ठोकळे : छिद्रात पोलादी चौकट वेल्ड करून बसवतात. प्रत्येक केबलभोवती अर्धगोल खाच असलेल्या रबरी ठोकळ्यांची जोडी लावली जाते. ओळींच्या मध्ये धातूच्या पट्ट्या ठेवून शेवटी पाचर आवळतात व सर्व ठोकळे घट्ट दाबतात. भविष्यातील केबलसाठी काही भरीव ठोकळेही ठेवता येतात. ही पद्धत विकसित करणाऱ्या उद्योगांत स्वीडनमधील कार्ल्सक्रोना या बंदरनगरीतील कंपन्या प्रमुख आहेत.

ओतीव भरण : पोलादी पेटीतून केबल नेऊन पेटीत न जळणारे मिश्रण ओततात. ते प्रत्येक केबलभोवती पूर्णपणे पोहोचणे आवश्यक असते. यासाठी केबल एकमेकींना चिकटू न देता अंतर राखून मांडतात.

फुगणारी द्रव्ये : ही द्रव्ये उष्णता लागताच अनेक पटींनी फुगतात आणि केबलचे आवरण जळाल्याने पडलेली पोकळी भरून काढतात.

ग्लँड : एकट्यादुकट्या केबलसाठी आटे असलेला धातूचा ग्लँड वापरला जातो.

डेकमधील छिद्रावर बहुधा उभी पोलादी नळी बसवून तिचे तोंड डेकपेक्षा उंच ठेवतात, म्हणजे डेकवरचे पाणी खाली झिरपत नाही. केबलचे वजन भरणावर पडू नये म्हणून तिला वेगळा आधार द्यावा लागतो.

जलाभेद्यतेशी संबंध

आग अडवणे आणि पाणी अडवणे हे वेगवेगळे गुण असून प्रत्येकाची चाचणी स्वतंत्र असते. पाणी अडवणाऱ्या भिंतीतील यंत्रणेत शिसे किंवा उष्णतेने लवकर बिघडणारा पदार्थ वापरल्यामुळे आगीत भिंतीची जलाभेद्यता बिघडणार असेल, तर त्या वापरास सोलासची मनाई आहे. अन्यथा आग विझल्यानंतर तेथूनच पाणी शिरण्याचा धोका उरतो.

देखभाल

नव्या जहाजावर तपासून मंजूर झालेले छिद्र पुढे नवी केबल टाकताना पुन्हा उघडले जाते. तेथे योग्य ठोकळा न बसवणे, जुनी केबल काढल्यावर पोकळी तशीच सोडणे किंवा साधा पॉलियुरेथेन फोम भरणे या चुका गंभीर ठरतात, कारण हा फोम ज्वलनशील असतो. याचे प्रसिद्ध उदाहरण जमिनीवरील आहे. २२ मार्च १९७५ रोजी अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील ब्राउन्स फेरी अणुविद्युत केंद्रात केबल-छिद्रातून हवा गळते का, हे मेणबत्तीच्या ज्योतीने तपासताना तेथील फोम पेटला. आग भिंतीपलीकडे गेली व १,६०० हून अधिक केबलची हानी झाली.

दुरुस्तीच्या काळात उघड्या दारांतून व झडपांतून नेलेल्या तात्पुरत्या केबलही घातक ठरतात. जुलै २०२० मध्ये सॅन दिएगो येथे ‘बॉनम रिचर्ड’ या अमेरिकी युद्धनौकेस आग लागली, तेव्हा अशा केबल व नळ्यांमुळे कक्ष बंद करण्यात अडथळा आला.

म्हणून प्रत्येक केबल-छिद्रास क्रमांक देणे, त्याची नोंदवही ठेवणे आणि दर बदलानंतर फेरतपासणी करणे ही रीत रूढ होत आहे. वर्गीकरण संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जलाभेद्य केबल-छिद्रांसाठी अशी नोंदवही आवश्यक केली असून, जुलै २०२१ पासून बांधणीचा करार झालेल्या जहाजांना हा नियम लागू होतो.

भारतातील व्यवस्था

भारतीय व्यापारी जहाजांच्या सुरक्षानियमांची अंमलबजावणी मुंबईस्थित नौवहन महानिदेशालयाकडे आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग या वर्गीकरण संस्थेचे मुख्यालयही मुंबईत आहे.