शाळकरी वय आणि गाण्याची गोडी

शाळेत संगीत शिकवावे की नाही, हा वाद आता मागे पडला आहे. त्याच्या जागी आलेला प्रश्न मात्र अधिक अवघड आहे. आठव्या-नवव्या वर्षी हौसेने पेटीपुढे बसलेला मुलगा चौदाव्या-पंधराव्या वर्षी तेथून का उठतो, आणि जो उठत नाही तो कशाच्या बळावर बसून राहतो? अभ्यास वाढला, असे पालक म्हणतात. गोडीच नाही, असे शिक्षक म्हणतात. दोन्ही उत्तरे खरी असली तरी अपुरी आहेत. हा प्रश्न आपल्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वीच उभा राहिला होता, म्हणून त्याचे उत्तर आज आपण इतिहासात शोधू.

शाळा येण्यापूर्वी हा प्रश्न कोणाला पडत नसे. गुरूच्या घरी राहावे, पाणी भरावे, तंबोरा पुसावा आणि गुरूची मर्जी होईल तेव्हा दोन स्वर पदरात पडावे, अशी ती रीत होती. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरीची गायकी महाराष्ट्रात आणली ती अशाच सेवेतून. या पद्धतीने थोर गवई घडविले यात शंका नाही. परंतु जे मधूनच घरी परतले, त्यांची नोंद कोणी ठेवली नाही. टिकले त्यांचीच चरित्रे लिहिली गेली, आणि पूर्वीच्या मुलांत चिकाटी होती असा आपला समज झाला. खरे पाहता तेव्हा शिष्याला टिकविण्याची जबाबदारी गुरूवर नव्हतीच.

शाळेने ही जबाबदारी प्रथम शिक्षकावर टाकली. १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी बडोद्यात गायनशाळा चालविली. पुढे ५ मे १९०१ रोजी विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. कुरुंदवाडच्या या मुलाचे डोळे लहानपणी दारूकामाच्या अपघाताने अधू झाले. शाळेचा अभ्यास करणे कठीण, म्हणून त्याला मिरजेस बाळकृष्णबुवांकडे गाणे शिकावयास घातले. शाळा सुटली म्हणून जो गाण्याकडे आला, त्यानेच पुढे गाण्याची शाळा काढली, ही गोष्ट आम्हांला मोठी अर्थपूर्ण वाटते.

लाहोरला आरंभी विद्यार्थी थोडेच होते. ते यावेत आणि आलेले टिकावेत यासाठी विष्णुबुवांनी अनेक उपाय केले. पहिला उपाय पायऱ्यांचा होता. ठरलेला अभ्यासक्रम, छापलेली पुस्तके, स्वरलिपी, परीक्षा आणि प्रमाणपत्र यांमुळे आपण कोठवर आलो हे मुलाला कळू लागले. गुरूच्या मर्जीवर अवलंबून असलेली विद्या वेळापत्रकात आली. पंडित भातखंड्यांनीही आपल्या पुस्तकमालिकेला ‘क्रमिक’ हे नाव दिले, त्यात हीच दृष्टी होती.

दुसरा उपाय उपदेशक वर्गाचा. निवडक विद्यार्थ्यांनी अनेक वर्षांचा लेखी करार करून विद्यालयातच राहावयाचे, त्यांच्या जेवणाखाण्याचा भार संस्थेने उचलावयाचा आणि पुढे त्यांनी शिक्षक व्हावयाचे, अशी ही योजना होती. करार हा काही गोडीचा पुरावा नव्हे. केवळ आवडीवर विसंबता येत नाही, हे बुवांना चांगले ठाऊक होते एवढेच त्यावरून दिसते.

पण कराराने मुलगा इमारतीत राहतो. गाण्यात राहतोच असे नाही. म्हणून तिसरा उपाय आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो म्हणजे मुलांना कामाचे करणे. विद्यालयाला छापखाना होता, वाद्ये तयार करण्याचा कारखाना होता. बुवा शिष्यांना बरोबर घेऊन गावोगाव दौरे करीत. मिरजेचे विनायकराव पटवर्धन १९०७ साली लाहोरला गेले तेव्हा जेमतेम नऊ वर्षांचे होते. त्यांचे सारे कुमारवय या वातावरणात गेले. ओंकारनाथ ठाकुरांवर लाहोरच्या विद्यालयाचे प्रमुखपद आले ते विशीच्या आसपास. ज्याच्यावर दुसऱ्याला शिकविण्याची वेळ येते, तो स्वतःचे शिकणे सहसा सोडत नाही.

या उपायांची कसोटी पुढे लागली. १९०८ साली विद्यालय मुंबईस आले; मोठी इमारत उभी राहिली आणि कर्जापायी ती हातची गेलीही. १९३१ साली बुवा निवर्तले. इमारत नाही, करार नाही, गुरूही नाही. तरी शिष्य पांगले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले, आणि १९३२ साली विनायकरावांनी पुण्यात विद्यालय सुरू केले.

आज त्या मंडळाची प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद ही नावे घरोघरी माहीत आहेत. म्हणजे पायऱ्या आपण जपल्या आहेत. त्यांत गुणांची भर पडली आहे. संगीताच्या परीक्षांसाठी दहावीत मिळणाऱ्या वाढीव गुणांची चर्चा २०१७ च्या निकालाच्या वेळी बरीच झाली. या गुणांना आम्ही नावे ठेवीत नाही. त्यांच्यामुळे अनेक घरांत तंबोऱ्याला जागा मिळाली. परंतु गुणांसाठी आलेला मुलगा गुण मिळताच जातो, यात त्याचा दोष कोणता?

याच वयात मुलग्यांचा आवाज फुटतो. काल सुरेल गाणारा मुलगा आज वर्गात तोंड उघडावयास लाजतो. त्याला काही महिने तबल्याकडे किंवा पेटीकडे वळविले, खालच्या पट्टीत गाऊ दिले, तर तो राहतो. परीक्षेचा नेहमीचाच धडा पुढे रेटला तर तो जातो. स्नेहसंमेलनाच्या तालमीत आम्ही पाहिले आहे की, ठेका धरणारा मुलगा ताप उतरताच धावत येतो, कारण त्याच्यावाचून समूहगान अडते. परीक्षेला मात्र कोणी गैरहजर राहिला तर बाकीच्यांचे काहीच अडत नाही.

सगळीच मुले तानसेन होणार नाहीत; चांगले कानसेन झाले तरी पुष्कळ, असा विचार विष्णुबुवांच्या नावाने सांगितला जातो. तो खरा करावयाचा तर शाळेत परीक्षेबरोबर समूहगान हवे, लहानांना शिकविण्याची जबाबदारी मोठ्यांवर हवी आणि वर्षातून चार वेळा गावासमोर गाण्याचा प्रसंग हवा. यांपैकी कशालाही फारसा पैसा लागत नाही. आपल्या शाळांनी एवढे केले, तर दहावीच्या निकालानंतरही संगीताच्या वर्गात काही मुले बसलेली दिसतील, असा आमचा विश्वास आहे.