कुत्र्याचे कूळ आणि डीएनएची साक्ष

रस्त्यावरून घरी आणलेल्या किंवा प्राणी-निवाऱ्यातून दत्तक घेतलेल्या कुत्र्याविषयी पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : कोणत्या जातीचा? कान उभे दिसले की अल्सेशियन, केस लांब असले की पॉमेरियन, अंग काळे-तांबूस असले की डॉबरमन, असे निदान लगेच होते. (‘प्रजाती’ हा शब्दही अनेकदा वापरला जातो, तो चुकीचा आहे. लॅब्रॅडॉर आणि पॉमेरियन या एकाच प्रजातीच्या दोन जाती आहेत.) गेल्या काही वर्षांत या प्रश्नाचे उत्तर देणारी डीएनए चाचणी सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली आहे. तिचे उत्तर डोळ्यांच्या अंदाजापेक्षा पुष्कळ अधिक भरवशाचे असते. मात्र ते नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

डोळ्यांचा अंदाज का फसतो, हे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकी शास्त्रज्ञांच्या प्रयोगांतून फार पूर्वीच दिसले होते. त्यांनी कॉकर स्पॅनियल आणि बासेंजी या दोन जातींचा संकर केला. त्यातून झालेली पिल्ले आणि विशेषतः त्या पिल्लांची पिल्ले पाहून मूळ जाती कोणत्या, हे ओळखणे दुरापास्त होते. हे संशोधन १९६५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यामागील कारण पुढे जनुकशास्त्राने स्पष्ट केले. कुत्र्याचे बाह्यरूप मोजक्याच जनुकांवर अवलंबून असते. केस लांब की आखूड, कुरळे की सरळ, तोंडावर मिशा-भुवया आहेत की नाहीत, यांतील बहुतांश विविधता अवघ्या तीन जनुकांतून निर्माण होते, असे २००९ मध्ये आढळले. कुत्र्याच्या एकूण जनुकांची संख्या मात्र एकोणीस-वीस हजारांच्या घरात आहे. म्हणजे आपण काही थोड्या जनुकांकडे पाहून उरलेल्या हजारोंविषयी निष्कर्ष काढत असतो. व्हिक्टोरिया व्हॉइथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दत्तक संस्थांनी नोंदवलेल्या जाती डीएनए अहवालाशी ताडून पाहिल्या. नमुना वीसच कुत्र्यांचा होता, तरी बहुसंख्य नोंदी जुळल्या नाहीत.

चाचणीचे तत्त्व समजण्यास अवघड नाही. आजच्या बहुतेक जाती गेल्या दीडदोनशे वर्षांत, आपसांतच प्रजनन घडवून तयार झाल्या. बंदिस्त प्रजननामुळे प्रत्येक जातीच्या डीएनएवर विशिष्ट खुणांची छाप उमटली. ही छाप किती ठळक आहे, हे एलेन ऑस्ट्रँडर यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवले. ८५ जातींच्या ४१४ कुत्र्यांपैकी ९९ टक्के कुत्र्यांची जात केवळ डीएनएवरून अचूक ओळखता आली. पुढील वर्षी टाशा नावाच्या बॉक्सर कुत्रीचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला आणि त्याबरोबर जातीजातींत फरक दाखवणाऱ्या सुमारे २५ लाख स्थानांची यादी हाती आली. २००७ पासून व्यापारी चाचण्या बाजारात उतरल्या त्या याच पायावर.

आता गालाच्या आतील बाजूवर बोळा फिरवून लाळ व पेशी घेतल्या जातात. प्रयोगशाळेत हजारो, काही चाचण्यांत दोन लाखांहून अधिक, स्थाने वाचली जातात. मग गुणसूत्रांचा एकेक तुकडा संदर्भ-संग्रहातील शुद्ध जातींशी ताडून पाहिला जातो आणि ‘पंचवीस टक्के लॅब्रॅडॉर’ यासारखा अहवाल तयार होतो. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आईबापांकडून निम्मा-निम्मा वारसा मिळतो खरा. पण आजोबांचा वाटा सरासरीने चौथा हिस्सा असतो, प्रत्यक्षात तो कमी-अधिक होतो. एकाच विणीतील दोन भावंडांचे अहवाल म्हणूनच वेगळे येतात. शिवाय कुत्रीच्या एकाच विणीत एकाहून अधिक नरांची पिल्ले असू शकतात! दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. जी जात संग्रहात नाही, ती अहवालात येऊच शकत नाही. यंत्रणा मग जवळचे दिसेल त्या नावावर बोट ठेवते. अहवालातील तीन-चार टक्क्यांच्या नोंदींवर फार विसंबू नये, ते यामुळेच.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने खरी मेख इथे आहे. आपला गावठी कुत्रा हा ‘मिश्र जातीचा’ असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः तो अनेक जातींच्या सरमिसळीतून झालेला नाही. आधुनिक जाती घडण्याच्या फार आधीपासून तो माणसाच्या आसपास वावरतो आहे. कॉर्नेल विद्यापीठातील लॉरा शॅनन, अ‍ॅडम बॉयको व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ३८ देशांतील ५४९ गावठी कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. व्हिएतनाम, इजिप्त आणि भारत येथील कुत्र्यांत युरोपीय रक्ताचा अंश अत्यल्प आढळला. याउलट दक्षिण प्रशांत महासागरातील बेटांवरील कुत्रे जवळजवळ संपूर्णपणे युरोपीय वंशाचे निघाले. अशा कुत्र्याचा नमुना केवळ पाश्चात्त्य जातींच्या संग्रहाशी ताडला, तर चाऊ चाऊसारख्या आशियाई जातींची नावे पुढे येतात. याचा अर्थ त्याचा आजोबा चिनी होता असा नव्हे. दोघांचे प्राचीन मूळ जवळचे, एवढेच. काही प्रयोगशाळा आता गावठी कुत्र्यांचा स्वतंत्र गट नोंदवतात. तो आहे का, आपल्याकडील कारवान, मुधोळ, राजपालयम यांचे नमुने संग्रहात आहेत का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे. मोठ्या शहरांत सोडून दिलेल्या पाळीव कुत्र्यांमुळे खरीखुरी सरमिसळही होते. तिथे चाचणी उपयोगी पडते.

जातीचे नाव कळले म्हणजे स्वभाव कळला, असे मात्र मुळीच नाही. अमेरिकेत १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या पालकांकडून माहिती घेऊन, त्यांतील दोन हजारांवर कुत्र्यांचा डीएनए तपासून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, कुत्र्याकुत्र्यांमधील वर्तनातील फरकांपैकी जेमतेम नऊ टक्के फरक जातीवरून स्पष्ट होतो. नियम करणारे याकडे दुर्लक्ष करतात. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २३ ‘आक्रमक’ जाती आणि त्यांचे संकर पाळण्यावर निर्बंध आणणारे पत्रक काढले. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिलमध्ये रद्दबातल ठरवले. पण असे पत्रक लागू झाल्यास रुंद जबड्याच्या एखाद्या कुत्र्याचे भवितव्य तपासनिसाच्या नजरेवर ठरणार, आणि ती नजर किती फसते, हे वर आलेच आहे.

चाचणीचा सर्वांत ठोस लाभ जातीच्या टक्केवारीत नसून आरोग्याच्या भागात आहे. कॉली आणि तिच्या आप्त जातींत एमडीआर-१ या जनुकातील दोष वारंवार आढळतो. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील कॅट्रिना मीली यांनी तो २००१ मध्ये उजेडात आणला. या दोषामुळे काही औषधे मेंदूत साठतात. खरजेवर मोठ्या मात्रेत दिले जाणारे आयव्हरमेक्टिन त्यांपैकीच एक. दोष संकरित पिल्लातही उतरू शकतो आणि बाहेरून तो दिसत नाही. कॉली किंवा तत्सम मेंढपाळी कुळाचा अंश अहवालात आला, तर पशुवैद्यकाने इंजेक्शन भरण्यापूर्वी तो कागद त्यांच्यासमोर ठेवावा.