जुन्या युद्धपटांची रिळं: सुपर ८, १६ मिमी म्हणजे काय आणि विकत घेण्याआधी काय तपासायचं?

'द लाँगेस्ट डे' (१९६२) हा नॉर्मंडीच्या लढाईवरचा सिनेमा जवळपास तीन तासांचा आहे. मोबाइलवर तो एका फाइलमध्ये मावतो. तोच सिनेमा सुपर ८ फिल्मवर पूर्ण हवा असेल, तर ४०० फुटांची नऊ रिळं लागतात. म्हणजे दर वीस मिनिटांनी उठा, दिवा लावा, रीळ बदला. एवढं करूनही जगभरात अशी रिळं जमवणारे लोक आहेत, आणि मी त्यातलाच एक. हे खूळ नेमकं काय आहे आणि त्यात पैसे कुठे बुडतात, ते आज पाहू.

मिमी म्हणजे काय?

मिमी ही फिल्मच्या पट्टीची रुंदी. थिएटरमध्ये ३५ मिमी चालायची. जुनी ३५ मिमी नायट्रेटवर असायची, ती भडकन पेट घ्यायची. म्हणून घरगुती वापरासाठी कोडॅकने १९२३ मध्ये १६ मिमी आणली, तीच मुळी सहज न पेटणाऱ्या 'सेफ्टी' फिल्मवर. १९३२ मध्ये ८ मिमी आली, १९६५ मध्ये सुपर ८. सुपर ८ ची रुंदी ८ मिमीच, पण कडेची भोकं बारीक केल्यामुळे चित्राला साधारण दीडपट जागा मिळाली. फ्रान्सच्या पाथे कंपनीची ९.५ मिमी पण होती, तिची भोकं मधोमध असतात.

लक्षात ठेवा, साध्या ८ मिमीचं रीळ सुपर ८ च्या प्रोजेक्टरवर चालत नाही. दोन्ही गेज चालवणारा प्रोजेक्टर असेल तर गोष्ट वेगळी.

युद्धपटच का?

याचं कारण मला तरी फार भारी वाटतं. दुसऱ्या महायुद्धातली जी खरी रंगीत दृश्यं आपण आज बघतो, त्यातली बरीचशी मुळातच १६ मिमीवर शूट झाली आहेत. ३५ मिमीचा कॅमेरा जड. १६ मिमीचा हातात धरता यायचा. जून १९४२ मध्ये मिडवे बेटावर जपानी विमानांनी हल्ला केला तेव्हा हॉलिवूडचे दिग्दर्शक जॉन फोर्ड तिथे असाच कॅमेरा घेऊन होते. ते जखमी झाले. त्या फुटेजमधून 'द बॅटल ऑफ मिडवे' हा अठरा मिनिटांचा माहितीपट तयार झाला आणि त्याला ऑस्कर मिळालं. विल्यम वायलर यांनी 'द मेम्फिस बेल' (१९४४) साठी बी-१७ बॉम्बर विमानांत बसून १६ मिमीवरच शूटिंग केलं. त्यांचा सहकारी हॅरल्ड टॅननबॉम मोहिमेवर असताना मारला गेला. वायलर यांच्या टीमचं कच्चं फुटेज अमेरिकेच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये टिकून राहिलं, म्हणूनच २०१८ मध्ये त्यातून 'द कोल्ड ब्लू' हा नवा माहितीपट करता आला. पंचाहत्तर वर्षांनी पुन्हा स्कॅन करता येईल असं काय आहे आपल्या गॅलरीत? असो.

घरी विकत मिळणाऱ्या रिळांची कथा जरा वेगळी. अमेरिकेत कॅसल फिल्म्स ही कंपनी (स्थापना १९२४) बातमीपटांचे तुकडे ८ आणि १६ मिमीवर विकायची. युद्ध चालू असतानाच लोक त्याची दृश्यं घरच्या भिंतीवर बघत होते. पुढे सुपर ८ च्या काळात स्टुडिओंचे मोठे सिनेमे आले, पण बहुतेक कापून! २०० फुटांचं रीळ म्हणजे आवाजासकट दहा मिनिटं, ४०० फुटांचं म्हणजे वीस. अडीच-तीन तासांचा सिनेमा वीस मिनिटांत बसवायचा म्हणजे काय उरणार? धडाधड स्फोट. भीती, वाट बघणं, पत्र वाचणारा सैनिक, हे सगळं कापलं जातं. युद्धपटाचा जीव त्यातच असतो असं माझं मत, त्यामुळे 'डायजेस्ट' रिळं मी फक्त डब्यावरच्या चित्रासाठी घेतो. खोक्यावर फूट किती लिहिलेत ते बघा आणि गणित करा: सुपर ८ च्या एका फुटात ७२ फ्रेम, १६ मिमीत ४०. बोलपटाला सेकंदाला २४ फ्रेम लागतात.

१९७७ मध्ये मॅग्नेटिक व्हिडिओ कंपनीने फॉक्स स्टुडिओचे ५० सिनेमे व्हिडिओ कॅसेटवर आणायला घेतले, त्यात 'पॅटन'सुद्धा होता. त्यानंतर रिळांचा बाजार आटत गेला.

घेण्याआधी काय तपासायचं?

पहिलं काम, डबा उघडून वास घ्या. चायनीजच्या गाडीवर येतो तसा व्हिनेगरचा वास आला तर ठेवून द्या खाली. सेफ्टी फिल्मचा अॅसिटेट बेस उष्णता आणि दमटपणाने तुटायला लागला की अॅसिटिक अॅसिड बाहेर पडतं. ते अॅसिड पुन्हा बेस तोडतं, म्हणजे एकदा सुरू झालं की वेग वाढतच जातो. फिल्म आकसते, वाकडी होते आणि भोकं प्रोजेक्टरच्या दात्यांत बसत नाहीत. जबरदस्तीने चालवली की फाटते. यावर उलटा उपाय नाही, फक्त थंड ठेवून वेग कमी करता येतो. असं रीळ इतरांपासून लांब ठेवायचं, कारण त्याची वाफ शेजारच्या चांगल्या रिळांनाही बाधते. कोकण-मुंबईची हवा या बाबतीत वैरीच. घट्ट बंद पत्र्याचा डबा सुरक्षित वाटतो, पण वाफ आतच कोंडते. थोडी हवा खेळणारं खोकं बरं.

दुसरं काम मोबाइलने करा. स्क्रीनवर कोरी पांढरी इमेज उघडा, ब्राइटनेस फुल करा आणि फिल्मची पट्टी त्यावर धरा. झाला लाइटबॉक्स! सुरुवातीची कोरी पट्टी सोडून आतल्या फ्रेम बघा. रंगीत सिनेमा सगळा गुलाबी दिसतोय? मग त्यातला निळसर सायन रंग उडालाय. पन्नास ते सत्तरच्या दशकातल्या ईस्टमनकलर प्रिंटचा हा ठरलेला आजार. त्याच काळातल्या टेक्निकलर डाय-ट्रान्सफर प्रिंटचे रंग मात्र अजून ताजे असतात, म्हणून त्या महाग. कृष्णधवल रिळांना ही भानगडच नाही.

मॅक्रो मोडने कडेचाही फोटो घ्या. कोडॅकच्या फिल्मवर गोल, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असतात, त्यावरून कच्ची फिल्म कोणत्या साली बनली ते शोधता येतं. खुणा साधारण वीस वर्षांनी परत येतात, त्यामुळे 'युद्धकाळातली ओरिजिनल' म्हणून कोणी १९६२ ची प्रिंट गळ्यात मारू शकतो.

आपल्याकडे काय मिळतं?

भारतात खरा वावर १६ मिमीचा. फिल्म सोसायट्या, सरकारी प्रचार गाड्या, गणेशोत्सवात गल्लीत लावलेला पडदा, सगळीकडे हेच. मुंबईच्या चोरबाजारात अजूनही रिळं, प्रोजेक्टर दिसतात. एखादं जुनं भारतीय रीळ हाती लागलं आणि ते काय आहे कळत नसेल, तर आधी प्रोजेक्टरवर चढवू नका. ती एकमेव प्रत असू शकते. पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला (स्थापना १९६४) विचारा.

मोबाइलने शूट करताना भिंतीवरचं चित्र लुकलुकतं, कारण प्रोजेक्टरचं शटर आणि कॅमेऱ्याचा वेग जुळत नाही. तीन पात्यांचं शटर असेल तर प्रोजेक्टरचा वेग सेकंदाला १६-१७ फ्रेमवर आणा, मोबाइलच्या प्रो मोडमध्ये २५ एफपीएस आणि शटर १/५० ठेवा. लुकलुक बरीच जाते. आकसलेल्या फिल्मसाठी मात्र एकेक फ्रेम स्कॅन करणाऱ्या लॅबकडेच जा.

आणि हो, रीळ तुमचं झालं म्हणजे सिनेमाचे हक्क तुमचे होत नाहीत. यूट्यूबवर चढवलंत तर स्ट्राइक येऊ शकतो. घरच्या भिंतीवर मात्र बिनधास्त लावा.