पंचहौद ते केडगाव

परवा गुरुवार पेठेत एका कामाला गेले होते. पंचहौदच्या चर्चचा तो उंच मनोरा आपण पुणेकर लहानपणापासून बघतो, पण आत कितीजण गेलोय? मीही नव्हते गेले. शाळेत 'पंचहौद मिशन चहा प्रकरण' पाठ केलं होतं तेवढंच. १८९० साली तिथे चहा-बिस्किटं घेतली म्हणून टिळक-रानड्यांवर प्रायश्चित्ताची वेळ आली, दोन मार्क. पण मला त्या मनोऱ्याखाली उभं राहिल्यावर आठवण झाली ती चहाची नाही, पंडिता रमाबाईंची. आणि रमाबाई आठवल्या की आजी आठवते.

आजी म्हणायची, "हुशार होती हो, पण बाटली." बस्स. एवढ्यात विषय संपायचा. (काकू, हे वाचून रागावू नकोस. तूही तिथेच बसलेली असायचीस.)

'बाटली' या एका शब्दात आपण काय काय झाकून ठेवलं, ते मला रमाबाईंनी १९०७ साली लिहिलेली स्वतःची हकिगत वाचली तेव्हा कळलं. मी ख्रिस्ती नाही, व्हायचा विचारही नाही. पण मनाची शांती शोधायला निघालेल्या बाईची इतकी खरी, न सजवलेली गोष्ट मी दुसरी वाचलेली नाही.

सुरुवातच बघा. वडील अनंतशास्त्री डोंगरे, बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवणारे, त्यासाठी समाजाशी भांडलेले. पुढे सगळं कुटुंब तीर्थक्षेत्रं हिंडत पुराण सांगायचं. उपास, दानधर्म, व्रतं, काही करायचं ठेवलं नाही. आणि १८७०च्या दशकातल्या दुष्काळात वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. भावाबरोबर ही मुलगी पायी चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथे पंडितांनी तिची विद्वत्ता बघून 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. वय वीस!

कलकत्त्यातच एका ख्रिस्ती मेळाव्याला ही भावंडं गेली. लोक खुर्च्यांसमोर गुडघे टेकून डोळे मिटून बसलेले. यांना वाटलं, हे लोक खुर्च्यांची पूजा करतात! मला इथे फार हसू आलं. तिथे त्यांना संस्कृत बायबल भेट मिळालं. ते संस्कृत आपल्या ग्रंथांपेक्षा इतकं वेगळं वाटलं की वाचणं म्हणजे वेळ फुकट घालवणं, असं रमाबाईंनी ठरवून टाकलं. हे संस्कृत बायबल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली, आणि १८८२ मध्ये नवराही गेला. दरम्यान त्यांच्या पुस्तकांत बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं होतं, ते मात्र आवडलं. तान्ही मुलगी घेऊन बाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, आणि १८८३ मध्ये वैद्यकी शिकायला इंग्लंडला निघाल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे तो बेत पुढे मोडला. गेल्या त्या वाँटेजच्या सिस्टर्सकडे, ज्यांचं पुण्यातलं काम पंचहौदशी जोडलेलं होतं. आपण धर्म बदलणार नाही, असं सांगून गेल्या होत्या. तिथे सोबतीण आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. त्याच सप्टेंबरात रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात गहजब झाला. महात्मा फुले मात्र त्यांच्या बाजूने उभे राहिले.

सिस्टर्सनी त्यांना लंडनमध्ये एक आश्रम दाखवला, समाजाने 'वाया गेलेल्या' ठरवलेल्या बायकांचा. या बायकांवर कुणी माया का करावी, असं विचारलं तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली गेली. नीळकंठशास्त्री गोऱ्ह्यांच्या पत्रांनी बुद्धीच्या शंका मिटवल्या. म्हणजे झालं ना? मिळाली ना शांती?

नाही! हेच मला सगळ्यात आवडतं. बाई स्वच्छ लिहितात की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षं आतून अस्वस्थच. सिस्टर जेराल्डीनशी पत्रांतून कडाक्याचे वाद, गळ्यातल्या क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, इथपर्यंत. एका पुरोहितवर्गाच्या हातून सुटून दुसऱ्याच्या हाती कशाला जायचं? मग हॅस्लम नावाच्या पाद्र्याचं आत्मकथन हाती आलं. तो स्वतः धर्मोपदेशक होऊनही आतून कोरडाच होता. ते वाचून त्या पुन्हा बायबलकडे वळल्या, आणि आपण काही कमवायचं नाही, दिलेलं फक्त घ्यायचं, हे त्यांच्या मनात उतरलं. सगळा जन्म पुण्य कमवण्यात घालवलेल्या घरातली मुलगी ती. तिला हे समजायला वेळ लागणारच.

आता मन शांत झालं, पण आयुष्य नाही झालं. मुंबईत १८८९ मध्ये सुरू केलेलं शारदासदन त्यांनी पुढच्या वर्षी पुण्याला आणलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं. मुलींनी यावं, न यावं. काही जाऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये वादळ उठलं, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पंचवीसेक मुलींना घरच्यांनी काढून नेलं. मला दोन्ही बाजू कळतात. विश्वासाने मुली सोपवलेल्या आईबापांची भीती खोटी नव्हती. पण काढून नेलं ते कुठे? त्याच माजघरात.

त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांनी शारदासदनातल्याच गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्या आपल्या बाया कर्वे.

दुष्काळातल्या मुली, मग १८९७चा प्लेग, असं करत बिऱ्हाड केडगावला गेलं आणि 'मुक्ती' उभी राहिली. तिथेच शेवटचं मोठं काम झालं, बायबलचं मराठी भाषांतर. त्यासाठी या बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. छपाई आश्रमातल्या मुली-बायकांनीच केली. आणि मराठी कशी? खेड्यातल्या बाईला कळेल अशी साधी, संस्कृत शब्द टाळून. ते संस्कृत बायबल आठवतंय ना? भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत असलेल्या पंडितेने संस्कृतच बाजूला ठेवलं! १९२१ मध्ये मनोरमा गेली. आईने प्रुफं पुरी केली आणि थोड्याच दिवसांनी, ५ एप्रिल १९२२ला, त्या गेल्या. पुस्तक १९२४ मध्ये निघालं.

आता आजीकडे येते. आजीची एक आत्या होती, नवव्या वर्षी विधवा झालेली. शारदासदनाचं नाव घरात निघालं होतं म्हणे, पण ते त्या वादळानंतर. "बाटवतील" म्हणून पाठवलं नाही. केस काढले, आणि सदाशिव पेठेतल्या वाड्यात, मागच्या अंधाऱ्या खोलीत तिचं सगळं आयुष्य गेलं. वाचता येत नव्हतं. पोथी कुणी वाचली तर दाराआडून ऐकायची. रात्री एकटीच काहीतरी पुटपुटत असायची, असं आजी सांगायची. काय, ते कुणी विचारलं नाही.

तिचं नाव मला माहीत नाही. सगळे नुसतं 'आत्या' म्हणायचे. ताई, काकू, कुणाला आठवत असेल तर कळवा. एखादा फोटो असण्याची आशा नाही, पण नाव तरी.