स्वस्तातली स्मरणशक्ती

माणसाची योग्यता तो किती पैसे मिळवतो यावरून ठरते, असं म्हणतात. मला ते मान्य नाही. मध्यमवर्गीय माणसाचा खरा पराक्रम तो किती पैसे वाचवतो यात असतो, आणि त्याहून मोठा पराक्रम ते वाचवण्यापायी किती घालवतो यात. आमच्या घराण्यात हा गुण परंपरेनं आलेला आहे. आजोबांनी एकदा स्वस्तात छत्री घेतली आणि पंधरा दिवस न्यूमोनियाने अंथरूण धरलं. मी १९९९ साली स्वस्तात कॉम्प्युटरची मेमरी घेतली. त्याची ही हकिकत.

याची सुरुवात मात्र माझ्यापासून होत नाही, इंटेल कंपनीपासून होते. २४ ऑगस्ट १९९८ ह्या एकाच दिवशी तिने दोन प्रोसेसर बाजारात आणले. एक पेन्टियम टू, वेग ४५० मेगाहर्ट्झ, किंमत ६६९ डॉलर. दुसरा सेलेरॉन ३००ए, वेग ३०० मेगाहर्ट्झ, किंमत १४९ डॉलर. पहिला साहेबाचा, दुसरा कारकुनाचा. आता हा ३०० चा आकडा यायचा कसा, तर मदरबोर्डाचा ताल ६६ मेगाहर्ट्झचा आणि प्रोसेसर त्याच्या साडेचारपट पळणार. ताल ६६ ऐवजी १०० केला तर? साडेचार गुणिले शंभर, म्हणजे ४५०! कारकून साहेबाच्या खुर्चीत! आणि गंमत म्हणजे बहुतेक सेलेरॉन त्या खुर्चीत बसून बिनतक्रार काम करायचे. ह्या उद्योगाला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. १४९ डॉलरांत ६६९ डॉलरांचा वेग मिळतो हे कळल्यावर जगातला कोणता मध्यमवर्गीय स्वस्थ बसेल?

काही मदरबोर्डांवर हा ताल बदलायची सोय नसे. त्यावरही लोकांनी उपाय शोधला होता. प्रोसेसरच्या कडेला सोनेरी दातांची रांग असते. त्यातला बी-२१ नावाचा दात झाकला की मदरबोर्डाला वाटतं, आला शंभरवाला. झाकायला चिकटपट्टी चालते, आणि नेलपॉलिशही चालतं. मी डोळ्याला भिंग लावून त्या दाताला नेलपॉलिश लावत असताना सौ. मागे येऊन उभी राहिली.

"बारा वर्षांत माझ्या नखांकडे कधी इतकं निरखून बघितलं नाहीत," ती म्हणाली.

पण ह्या सगळ्या बेतात एक मेख होती. प्रोसेसरबरोबर मेमरीलाही शंभराच्या तालावर नाचावं लागतं. त्यासाठी 'पीसी-१००' जातीची पट्टी हवी. अशा पट्टीच्या चिपांवर साधारणपणे शेवटी ८ हा आकडा असायचा, म्हणजे आठ नॅनोसेकंद. १० असला की समजायचं, हा गडी जरा सावकाशीचा. अर्थात आकडा पुसून नवा छापणारे कलाकारही बाजारात होते. आपल्याकडे दुधात पाणी घालतात, तिथे दहात आठ घालत.

मुंबईत ह्या सगळ्याची पंढरी म्हणजे लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं आहे, पण ग्रँट रोड स्टेशनावर उतरून कुणाला ते नाव विचारलंत तर तो तुम्हालाच पत्ता विचारील. ऑगस्टमधल्या एका भर पावसाच्या शनिवारी मी डोंबिवलीहून तिथे गेलो. पोटमाळ्यावरच्या एका दुकानात चौसष्ट एमबीची पट्टी नावाजलेल्या कंपनीच्या पट्टीपेक्षा सहाशे रुपयांनी स्वस्त मिळाली.

"गॅरंटी?" मी विचारलं.

"टेस्टिंग वॉरंटी आहे, साहेब."

"म्हणजे किती दिवस?"

"दिवस कुठले? इथे लावून दाखवतो. चालली की वॉरंटी संपली."

त्याने लावून दाखवली, पडद्यावर चौसष्ट एमबीचा आकडा आला, आणि माझी वॉरंटी जिना उतरायच्या आत संपली.

हा कॉम्प्युटर मुख्यतः अण्णांसाठी होता. आमचे अण्णा, म्हणजे वडील, टपालखात्यात आर.एम.एस.मध्ये सॉर्टर होते. धावत्या रेल्वेच्या डब्यात रात्रभर उभं राहून टपाल कप्प्यांत लावायचं. मुंबईहून निघून भुसावळपर्यंत. अडतीस वर्षं त्यांनी हे केलं आणि निवृत्त झाल्यावर आठवणी सांगायला घेतल्या. आम्ही त्या लिहून काढायचं ठरवलं. रोज रात्री ते सांगायचे, मी टंकायचा, आणि मध्येच स्वयंपाकघरातून आई दुरुस्त करायची. महिनाभरात एकशेचाळीस पानं झाली. साडेचारशेच्या वेगाने चालणाऱ्या यंत्रावर मी मिनिटाला अकरा शब्द टंकत होतो.

मग एक दिवस छापून काढलं. अण्णा पहिलंच पान वाचून थांबले.

"अरे, तू मला १९५९ साली नोकरीला लावलायस."

"तुम्हीच सांगितलं असेल."

"मी १९५१ साली लागलो. १९५६ साली माझं लग्न झालं. १९५९ पर्यंत बेकार असतो तर तुझ्या आईच्या वडिलांनी मुलगी दिली असती का?"

"नसती दिली," आतून आवाज आला.

मी म्हटलं, टंकण्यातली चूक असेल. मराठीत १ आणि ९ दिसायलाही भावंडं. पण पाचव्या पानावर पाचोऱ्याच्या जागी एक अनाकलनीय अक्षर होतं, आणि बाराव्या पानावरचा परिच्छेद मी नक्की तपासलेला होता. फ्लॉपीवरची प्रत काढली, तर तीही तशीच. असणारच. बिघडलेल्या मेमरीतून गेलेली फाइल आपण जपून फ्लॉपीवर ठेवतो, तेव्हा चूकही तितक्याच जपून ठेवतो.

इथे ह्या मेमरीचा थोडा इतिहास सांगणं भाग आहे. आज आपण वापरतो त्या डायनॅमिक रॅमची कल्पना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची, १९६६ सालची. १९६८ साली त्यांना पेटंट मिळालं आणि १९७० साली इंटेलने ११०३ नावाची चिप विकायला काढली. तिच्यात १०२४ बिट मावत. कल्पना साधी आहे. एका बिटाला एक इवलंसं विजेचं भांडं. भरलेलं असेल तर एक, रिकामं असेल तर शून्य. अडचण एवढीच की भांडं गळकं असतं. म्हणून दर काही मिलिसेकंदांनी सगळी भांडी वाचून पुन्हा भरायची. माझ्या पट्टीत ६४ मिलिसेकंदांत एक फेरी. भांडी तापली की गळतीही वाढते. माझ्या पट्टीत अशी त्रेपन्न कोटी अडुसष्ट लाखांवर भांडी होती. आमच्या चाळीत चोवीस बिऱ्हाडांना पाणी पुरवताना काय होतं हे मी लहानपणी पाहिलेलं आहे; त्यामानाने रॅम चालते हाच चमत्कार.

ऑफिसातल्या एका मित्राने मेमटेस्ट-८६ ची फ्लॉपी दिली. ख्रिस ब्रॅडी नावाच्या गृहस्थांनी लिहिलेला हा प्रोग्राम फुकट मिळत असे, आणि स्वस्त मेमरी घेणाऱ्यांचा तो कुलदैवतासारखा होता. तो काही भन्नाट करत नाही. मेमरीच्या प्रत्येक कप्प्यात काहीतरी ठेवतो, परत काढतो, तेच निघालं का बघतो. मग उलटं ठेवतो. मग वेगळ्या क्रमाने ठेवतो. पुन्हा पुन्हा, तासन्‌तास. निळ्या पडद्यावर फेऱ्या मोजत असतो आणि चूक सापडली की तिचा पत्ता सांगतो.

रात्री दहाला चालू केला. अण्णा खुर्ची ओढून बसले. जागरणाची सवय होतीच. पहिली फेरी निर्दोष. दुसरीही. मी म्हटलं, "पट्टी चांगली आहे." अण्णा म्हणाले, "कल्याणपर्यंत सगळेच सॉर्टर चांगले असतात. इगतपुरीनंतर कळतं." पहाटे तीनला मला हलवून उठवलं. पडद्यावर लाल ओळी येत होत्या. चुकत होतं ते थोडंच, पण नेहमी एकच बिट. आठाच्या किमतीचं. यंत्राच्या लेखी १ चा संकेतांक ४९ आणि ९ चा ५७. मध्ये बरोबर आठाचा फरक. एक भांडं चुकून भरलं की अण्णांची आठ वर्षं नोकरी गेली.

सकाळी ताल ६६ वर आणून पुन्हा चाचणी घेतली. रात्रीपर्यंत एकही चूक नाही.

"म्हणजे माणूस वाईट नाही," अण्णा म्हणाले. "त्याला घाई सोसत नाही. आमच्यात एक होता. पॅसेंजरला उत्तम काम करायचा. मेलवर टाकला की पाचोऱ्याचं टपाल पारोळ्याच्या कप्प्यात. आणि टाकताना त्याला कधी शंका यायची नाही, हे वाईट."

ही गोष्ट मला त्या दिवशी नीट कळली. बंद पडणारं यंत्र परवडतं. आपण शिव्या देतो, दुरुस्त करतो. आत्मविश्वासाने चुकणारं यंत्र परवडत नाही. मोठ्या सर्व्हरांत यासाठी ईसीसी मेमरी वापरतात. दर ६४ बिटांमागे ८ बिट नुसती राखण करायला असतात. एक बिट चुकलं तर ते दुरुस्त करतात, दोन चुकले तर चूक आहे एवढं सांगतात. आमच्याकडे ते काम आई करायची. अण्णांचं एक साल चुकलं तर आतून लगेच दुरुस्ती. दोन गोष्टी एकदम चुकल्या तर फक्त, "काहीतरी भलतंच सांगताय हं!"

सप्टेंबरच्या शेवटी पट्टी परत करायला निघालो. अण्णाही आले. दुकानदार भांडेल म्हणून मी वाक्यं पाठ केली होती. पण तो हसून म्हणाला, "आणा साहेब, पूर्ण पैसे परत देतो." मी गहिवरलो. मग सहज नव्या पट्टीचा भाव विचारला आणि गहिवर ओसरला. भाव दुपटीच्या वर होता. २१ सप्टेंबर १९९९ ला तैवानात मोठा भूकंप झाला होता. दोन हजारांहून अधिक माणसं गेली, आणि वीज गेल्यामुळे सिंचू इथले चिपचे कारखाने थांबले. आधीच चढू लागलेले मेमरीचे भाव जगभर उसळले. तिथे घरं पडली आणि इथे पोटमाळ्यावर माझी सदोष पट्टी महाग झाली.

"पण ही खराब आहे," मी म्हटलं. "हिचं काय कराल?"

"विकू की. गिऱ्हाईक कुठे रात्रभर तपासत बसतं?"

मी पैसे घ्यायला हात पुढे केला होता, हे कबूल करतो. अण्णांनी छत्रीने माझा दंड टोचला. "चल. चुकलेलं पत्र दुसऱ्याच्या थैलीत सरकवणारा सॉर्टर आम्ही कामावर ठेवत नसू."

पट्टी घरी आली. ताल ६६ वर गेला. साहेबाच्या खुर्चीतला कारकून आपल्या जागेवर परतला आणि नेलपॉलिश मी सौ.च्या नेलपॉलिश रिमूव्हरने पुसलं. सहाशे रुपयांच्या बचतीत एकशेचाळीस पानं नासली होती.

पुढे कळलं की ह्या धंद्यात पोटमाळ्यावरचा दुकानदार अगदीच लहान मासा. १९९९ ते २००२ ह्या काळात मोठ्या मेमरी कंपन्यांनी आपसांत ठरवून भाव चढवल्याबद्दल अमेरिकेत खटले झाले. २००५ साली एकट्या सॅमसंगने ३० कोटी डॉलर दंड भरला. २००९ साली गूगलच्या सर्व्हरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात वर्षाला आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्या कधी ना कधी चुकलेल्या आढळल्या. २०१४ साली संशोधकांनी दाखवलं की मेमरीची एकच ओळ पुन्हापुन्हा ठोठावत राहिलं तर शेजारच्या ओळीतले बिट बदलतात. १२९ पट्ट्यांपैकी ११० त्यांच्या तडाख्यात सापडल्या. चाळीत राहिलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. २०२५ च्या शेवटी भाव पुन्हा भडकले, ह्या वेळी कृत्रिम बुद्धिमत्तेपायी. म्हणजे आजही कुणीतरी कुठल्यातरी पोटमाळ्यावर स्वस्त पट्टी हातात धरून उभा असणार. त्याला माझा एवढाच सल्ला: रात्रभर तपास. आणि सापडलंच काही, तर पुढच्याला विकू नकोस.

त्या दिवाळीत आम्ही एकशेचाळीस पानं पुन्हा वाचली. मी मोठ्याने वाचायचा, अण्णा डोळे मिटून ऐकायचे, आई निवडत बसायची. तेरा चुका सापडल्या. बारा दुरुस्त झाल्या. तेरावी होती इगतपुरीच्या रात्रीची: घाटात दरड कोसळून गाडी अडकली आणि सगळ्या डब्याने टपालाच्या थैल्यांवर झोप काढली. कागदावर साल १९६९. अण्णा म्हणाले १९६१. आई म्हणाली, "एकोणसत्तरच. मशीन बरोबर आहे."

"मशीनवर विश्वास ठेवतेस?"

"तुमच्यापेक्षा जास्त."

अण्णा २०११ साली गेले. आई आता नव्वदीला आली आहे, अजून एकोणसत्तरवर ठाम आहे. मेमरीची ती पट्टी माझ्या खणात आहे आणि पुस्तकात मी दोन्ही सालं तशीच ठेवली आहेत.