वॉचनाइटची कुळकथा

३१ डिसेंबरच्या रात्री चर्चमध्ये जमायचे, गीते गायची, सरत्या वर्षाचे उपकार आठवायचे आणि बाराचे ठोके पडतील तेव्हा गुडघे टेकून प्रार्थनेत असायचे, ही प्रोटेस्टंट मंडळ्यांची जुनी रीत. मराठी ख्रिस्ती लोकही तिला 'वॉचनाइट' असेच म्हणतात.

सुरुवातीच्या चर्चला १ जानेवारी हा दिवस गैरसोयीचाच होता. रोमन लोक त्या दिवशी एकमेकांना भेटी देत आणि यथेच्छ पीत. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याने प्रवचनात सांगितले, ते भेटी देतात तर तुम्ही दानधर्म करा. ते पितात तर तुम्ही उपास करा. ५६७ मध्ये फ्रान्समधील तूर येथे भरलेल्या धर्मसभेनेही त्या दिवसांत उपासप्रार्थनेचाच आग्रह धरला. लोकांनी तो कितपत ऐकला असेल, याची कल्पना करता येते. पुढे युरोपात वर्षारंभाचा दिवसच देशोदेशी वेगळा झाला. इंग्लंडात कायद्याने वर्ष २५ मार्चला सुरू होई. तिथे १ जानेवारीला तो मान मिळाला १७५२ मध्ये.

वर्षअखेरच्या जागरणाचा उगम जर्मनीत सॅक्सनीतल्या हेर्नहूट गावी सापडतो. धर्मछळाला कंटाळून आलेल्या मोरावियन लोकांनी काउंट झिंझेनडॉर्फच्या जमिनीवर १७२२ मध्ये हे गाव वसवले. १७३३ची शेवटची रात्र त्यांनी प्रार्थनेत जागवली. इंग्लंडचा धर्मोपदेशक जॉन वेस्ली १७३८ मध्ये हेर्नहूट पाहून आला. लगेच पुढच्या वर्षारंभी लंडनच्या फेटर लेनमध्ये साठेक जणांसह त्याने पहाटेपर्यंत प्रार्थना केली.

असे असले तरी वेस्लीच्या अनुयायांची, म्हणजे मेथडिस्टांची वॉचनाइट घडवली ती ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुडमधल्या साध्या माणसांनी. कोळशाच्या खाणींचा हा भाग. नव्याने विश्वासात आलेली तिथली काही माणसे सवड मिळेल तेव्हा शाळेत जमत आणि रात्रीचा बराच भाग गाण्या-प्रार्थनेत घालवत. हे थांबवा, असा सल्ला वेस्लीला मिळाला. त्याने आद्य ख्रिस्ती लोकांची जागरणे आठवली, बंदीला कारण दिसेना, म्हणून 'मीही येतो' असा निरोप धाडला. दिवस ठरला पौर्णिमेच्या जवळचा शुक्रवार, कारण जातायेता उजेड हवा. ९ एप्रिल १७४२ला लंडनमध्ये पहिली वॉचनाइट झाली तीही याच हिशेबाने: रात्री साडेआठला आरंभ, मध्यरात्र उलटल्यावर समाप्ती. म्हणजे ही रीत आधी महिन्याच्या चांदण्यावर बेतलेली होती. वर्षअखेरीशी तिचे नाते नंतर पक्के झाले. चांदण्या शुक्रवारांची जागरणे मागे पडली आणि चंद्राची पर्वा न करणारी ३१ डिसेंबरची रात्र तेवढी टिकली.

तिच्याच जोडीला कराराची उपासना आली. ११ ऑगस्ट १७५५ रोजी लंडनच्या स्पिटलफील्ड्समधील फ्रेंच चर्चमध्ये सुमारे १८०० जणांनी उभे राहून देवाशी केलेला करार नव्याने स्वीकारला. मजकूर प्युरिटन लेखक रिचर्ड अॅलीन याच्या पुस्तकातला होता. हीही उपासना कालांतराने नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी स्थिरावली.

अमेरिकेत या रात्रीला वेगळाच भार आला. गुलामांच्या दृष्टीने १ जानेवारी हा भीतीचा दिवस. त्या दिवशी मालक माणसे भाड्याने देत किंवा विकत, आणि कुटुंबांची ताटातूट होई. ३१ डिसेंबर १८६२च्या रात्री मात्र कृष्णवर्णीय मंडळ्या राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या गुलाममुक्तीच्या घोषणेची वाट पाहत प्रार्थनेला बसल्या. बारा वाजले तेव्हा त्या कागदावर सहीही झाली नव्हती. ती दुसऱ्या दिवशी दुपारी झाली, आणि घोषणा लागू होती फक्त बंडखोर राज्यांना. तरी वाट पाहण्याची ही रात्र तिथल्या चर्चांनी आजवर जपली आहे. विल्यम कार्लटन याने तिचे चित्र काढले. त्यात मंडळींच्या मधोमध बसलेल्या वृद्धाच्या हातात घड्याळ आहे आणि साऱ्यांचे लक्ष तिकडेच आहे.

महाराष्ट्रात ही रीत मिशनऱ्यांबरोबर आली. मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर १८७१ मध्ये मुंबईत प्रचार करू लागला, पण वॉचनाइट त्याच्या पंथापुरती राहिली नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळ्याही ती पाळतात. गीते, शास्त्रवाचन, कोणी आजारातून उठल्याची किंवा कोणाला नोकरी लागल्याची साक्ष, पाळकांचा संदेश, मग शेवटच्या मिनिटांतली मूक प्रार्थना, असा साधारण क्रम. बारा वाजले की हस्तांदोलने आणि शुभेच्छा. अनेक ठिकाणी त्या रात्री नव्या वर्षासाठी बायबलमधल्या वचनाची चिठ्ठी उचलतात. चिठ्ठ्या टाकून वचने काढण्याची प्रथा हेर्नहूटमध्येही आहे. तिथे वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी वचन काढले जाते आणि ती पुस्तिका १७३१ पासून छापली जाते.

कॅथलिकांची परंपरा वेगळी. ते ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी 'ते देउम' हे प्राचीन आभारगीत म्हणतात, आणि १ जानेवारी हा त्यांच्याकडे देवमाता मरियेचा सण असतो. वसईत किंवा गोव्यात त्या रात्री उशिरा मिस्सा झाली, तरी ती वॉचनाइटच्या कुळातली नव्हे.