बोटीवरचा जीपीएस बदलला की जुना नकाशा का चालत नाही?

जीपीएसचे उपग्रह अमेरिकेचे आहेत, पण त्यांचा सिग्नल जगात सगळ्यांना फुकट मिळतो. वाशिम जिल्ह्यातल्या रिठदमधला फोन आणि अलिबागच्या समुद्रातली मासेमारी बोट, दोघांनाही तोच सिग्नल मिळतो. तरीही रिठदच्या माणसाने फोनची कंपनी बदलली तर त्याचं फारसं अडत नाही आणि बोटीवरच्या तांडेलाने मशीनची कंपनी बदलली तर त्याचं अडतं. असं का?

सिग्नल खुला, नकाशा बंद

बोटीवर नकाशा दाखवणाऱ्या मशीनला चार्टप्लॉटर म्हणतात. आपण कुठे आहोत हे त्याला सिग्नलवरून कळतं. पण खडक कुठे आहे, पाणी किती खोल आहे, हे नकाशात असतं. तो नकाशा बहुतेक वेळा मेमरी कार्डवर विकत घ्यावा लागतो. नेव्हिओनिक्स आणि सी-मॅप ही त्यातली मोठी नावं. प्रत्येकाचा साठवण्याचा प्रकार वेगळा असल्यामुळे, फक्त सी-मॅप वाचणाऱ्या मशीनमध्ये नेव्हिओनिक्सचं कार्ड टाकून काही उपयोग होत नाही. शिवाय परवाना त्या कार्डाशीच बांधलेला असतो, त्यामुळे फाइल दुसऱ्या कार्डावर कॉपी केली तरी ती चालत नाही.

मोठ्या जहाजांनाही कुलूप आहेच

मोठ्या जहाजांसाठी सरकारी इलेक्ट्रॉनिक नकाशे असतात. भारतीय समुद्राचे असे नकाशे डेहराडूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय तयार करतं. ते एस-५७ या आंतरराष्ट्रीय प्रकारात असतात, म्हणजे कोणत्याही मान्यताप्राप्त कंपनीचं मशीन ते वाचू शकतं. मात्र एस-६३ पद्धतीने त्यांना कुलूप घातलेलं असतं आणि किल्ली त्या-त्या मशीनसाठीच मिळते. आता एस-१०० ही नवी पिढी येतेय. १ जानेवारी २०२९ पासून जहाजांवर नव्याने बसणाऱ्या यंत्रणांना ती वाचता यावीच लागेल.

खरं नुकसान जागांचं

नकाशा पैसे देऊन पुन्हा घेता येतो. पण जाळं कुठे अडकतं, बुडालेला खडक कुठे आहे, मासळी कुठे लागते, या जागा तांडेलाने वर्षानुवर्षं मशीनमध्ये साठवलेल्या असतात. त्या दुकानात मिळत नाहीत. लॉरन्सची मशीन त्या यूएसआर फाइलमध्ये ठेवतात, गार्मिनची एडीएममध्ये. मशीन बंद पडलं आणि दुसऱ्या कंपनीचं घेतलं, तर ही फाइल थेट उघडेलच असं नाही.

यावर उपाय जीपीएक्स हा खुला प्रकार. अनेक नव्या मशीनमधून जागा त्यात काढता येतात. काही जुन्या फाइल जीपीएसबेबल या मोफत सॉफ्टवेअरने बदलून घेता येतात.

हाताने उतरवताना होणारी चूक

फाइल निघत नसेल तर आकडे वहीत उतरवावे लागतात. इथे सगळ्यात मोठा घोळ होतो. मशीनवर १८ अंश ३०.५० मिनिटं दिसतात, म्हणजे ३० मिनिटं ३० सेकंद. ते कुणी ३० मिनिटं ५० सेकंद असं वाचलं, तर २० सेकंदांचा फरक पडतो. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे सुमारे १८५२ मीटर. म्हणजे जागा ६०० मीटरहून जास्त सरकली. खडकाच्या बाबतीत एवढी चूक बोट फोडू शकते.

हैदराबादची इन्कॉइस संस्था मासळी मिळण्याच्या संभाव्य जागा अक्षांश-रेखांशात कळवते. ते आकडे मशीनमध्ये टाकतानाही हाच धोका असतो.

मशीन घेण्याआधी काय बघायचं?

- ते कोणत्या कंपन्यांचे नकाशे वाचतं?
- जागा जीपीएक्समध्ये काढता आणि टाकता येतात का?
- अक्षांश-रेखांश कोणत्या पद्धतीने दाखवतं आणि ती बदलता येते का?
- नकाशाचे अपडेट किती वर्षं मिळणार आहेत?

आणि जुनं मशीन चालू आहे तोवरच सगळ्या जागा बाहेर काढून ठेवायच्या, एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक वहीत. स्क्रीन एकदा काळी पडली की त्या मिळतीलच याची खात्री नसते.